फेब्रुवारीतलं गाव: मराठवाड्याची जनगणना कशी वाचावी

बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका तांड्यावर मी पहिल्यांदा गेलो तो फेब्रुवारीचा महिना होता. एका सर्वेक्षणासाठी घरोघर फिरायचं होतं. दाराच्या चौकटीवर गेरूने घालून ठेवलेला घर क्रमांक, खाली कुलूप. पुढचं घर, तसंच. त्याच्या पुढच्या घरासमोर एक म्हातारी शेळ्यांना पाला टाकत बसली होती. म्हणाली, "आता कुणाला मोजता बाबा? समदी कारखान्याला गेलीत. पाडवा झाल्यावर या."

पाडव्यानंतर मी पुन्हा गेलो तेव्हा तोच तांडा माणसांनी भरलेला होता. पोरं अंगणात, टायरगाड्या झाडाखाली, पाण्याच्या टाकीपाशी घागरींची रांग. त्या दोन फेऱ्यांमध्ये मी जे शिकलो ते पुढे कुठल्याच पुस्तकात इतकं स्पष्ट दिसलं नाही: लोकसंख्येच्या प्रत्येक आकड्याला एक तारीख असते आणि एक हद्द असते. ती तारीख आणि ती हद्द कळल्याशिवाय आकडा वापरायचा नाही. आपल्या देशाची जनगणना नेमकी फेब्रुवारीत होते आणि मराठवाड्यातली लाखो माणसं ऊसतोडीसाठी नेमकी त्याच महिन्यात गावाबाहेर असतात. म्हणून ही गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागू पडते.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे: महाविद्यालयातला प्रकल्प करणारे, स्थानिक बातमीदार, ग्रामपंचायतीत काम करणारे, संस्थांमधले कार्यकर्ते. संगणकावर एक्सेल उघडता येत असेल तर एवढ्यावर पुष्कळ काम होतं.

आधी प्रश्न लिहून काढा

"मराठवाड्याच्या लोकसंख्येचा अभ्यास" हा प्रश्न नाही. "2001 ते 2011 मध्ये धाराशिव जिल्हा शेजारच्या लातूरपेक्षा हळू का वाढला?" हा प्रश्न आहे. "माझ्या तालुक्यात 0 ते 6 वयातल्या मुलींचं प्रमाण कुठल्या गावांत घटलं?" हाही. प्रश्नात चार गोष्टी आल्या पाहिजेत: कोणता भाग, कोणती दोन वर्षं, कोणती माणसं आणि कशाशी तुलना. हे एका ओळीत वहीवर लिहा आणि ती ओळ समोर ठेवा. जनगणनेच्या तक्त्यांमध्ये शिरल्यावर माणूस वाहवत जातो, तेव्हा ती ओळच परत आणते.

कोणती फाईल घ्यायची

जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावर सगळं फुकट मिळतं. नवख्या माणसाने तीन गोष्टींपासून सुरुवात करावी.

पहिली, प्रायमरी सेन्सस अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे प्राथमिक जनगणना गोषवारा. एका ओळीत एक गाव: घरांची संख्या, एकूण माणसं, पुरुष, स्त्रिया, 0 ते 6 वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, मुख्य आणि सीमांत कामगार, त्यात शेतकरी किती, शेतमजूर किती. गावपातळीचं जवळपास सगळं काम याच फाईलवर होतं.

दुसरी, जिल्हा जनगणना पुस्तिका. प्रत्येक जिल्ह्याची वेगळी असते. तिच्या 'अ' भागात गावनिहाय शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, जमीन यांची माहिती आणि 'ब' भागात गोषवारा. पुस्तिकेच्या सुरुवातीला जिल्ह्याच्या हद्दी कशा बदलत गेल्या याची पानं असतात. लोक ती उलटून पुढे जातात. तुम्ही मात्र आधी तीच वाचा.

तिसरी, विषयवार तक्ते. 'सी' मालिकेत वय, साक्षरता, विवाह. 'बी' मालिकेत कामगार. 'डी' मालिकेत स्थलांतर. हे गावापर्यंत जात नाहीत, जिल्ह्यापर्यंत पुरतात.

फाईल उतरवताना दोन खाचखळगे आहेत. 2011 च्या फायलींमध्ये छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद म्हणून आहे, धाराशिव उस्मानाबाद म्हणून, आणि बीडचं इंग्रजी स्पेलिंग 'बी-आय-डी' असं आहे. दोन 'ई' टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही. म्हणून नावावर न जाता कोडवर जा. 2011 मध्ये महाराष्ट्राचा कोड 27. नांदेड 511, हिंगोली 512, परभणी 513, जालना 514, औरंगाबाद 515, बीड 523, लातूर 524, उस्मानाबाद 525. दुसरं म्हणजे तालुक्याचे कोड शून्याने सुरू होतात आणि एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं. मग दोन फायली जोडताना निम्म्या ओळी जुळत नाहीत. कोडचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्या.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं: फाईल तात्पुरत्या आकड्यांची आहे की अंतिम, ते पाहा. 2011 च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे आधी जाहीर झाले आणि अंतिम नंतर. महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे मुली तात्पुरत्या आकड्यांत 883 होत्या, अंतिम आकड्यांत 894. बीडचा तात्पुरता आकडा 801, अंतिम 807. एका बाजूला तात्पुरता आणि दुसऱ्या बाजूला अंतिम आकडा धरून केलेल्या तुलना मी छापून आलेल्या पाहिल्या आहेत. अकरा अंकांचा फरक नुसत्या फाईलमुळे पडतो, आणि वाचणारा समजतो की तो समाजातला फरक आहे.

हद्द जुळवून घ्या

1991 ला परभणी जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे 21 लाख 17 हजार. 2001 ला 15,27,715. कुणीही म्हणेल, दहा वर्षांत सहा लाख माणसं गेली कुठे? ती कुठेही गेली नाहीत. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हिंगोलीचे 9,87,160 मिळवले की बेरीज 25,14,875 येते आणि घट दिसत होती तिथे जवळपास 19 टक्के वाढ निघते.

मराठवाड्यात हे वारंवार झालं आहे. महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हा इथे पाच जिल्हे होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. 1 मे 1981 ला जालना झाला, आणि 1981 ची जनगणना त्याआधी दोन महिने, 1 मार्चला होऊन गेली होती, म्हणून त्या वर्षीच्या मूळ तक्त्यांत जालना जिल्हा शोधून सापडणार नाही. 1982 च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून लातूर निघाला. मग हिंगोली. तालुक्यांचं तर विचारू नका, वडवणी-फुलंब्री अशा नव्या तालुक्यांत जुन्या तालुक्यांतली गावं कापून घातली गेली.

त्याहून मागे जायचं असेल तर निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या जनगणना उघडाव्या लागतात. तिथे 1881 पासून मोजणी झाली आहे. पण तिथे अंबाजोगाई शोधताना 'मोमिनाबाद' बघावं लागतं, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात सापडतात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते इकडे आले. माझ्या एका मित्राने उदगीरचा शंभर वर्षांचा आलेख काढायला घेतला आणि पहिले दोन दिवस तो उस्मानाबादच्या खंडांतच उदगीर शोधत बसला होता.

पद्धत सोपी आहे, कंटाळवाणी आहे. सगळ्यात अलीकडच्या हद्दी पक्क्या धरा. जुन्या जनगणनेतली गावं एकेक करून त्या हद्दींत टाका आणि बेरीज नव्याने करा. एवढा वेळ नसेल तर उलटं करा: परभणी अधिक हिंगोली, औरंगाबाद अधिक जालना, उस्मानाबाद अधिक लातूर, अशा मोठ्या जोड्या करून तुलना करा. तपशील कमी मिळेल, पण जे मिळेल ते बहुतांशी विश्वासाचं असेल.

शहरांची हद्दवाढ हाच प्रकार आहे. छत्रपती संभाजीनगरजवळची सातारा-देवळाई 2011 नंतर महापालिकेत आली. पुढच्या जनगणनेत शहर जेवढं वाढलेलं दिसेल त्यात ही माणसंही असतील, आणि ती आपल्या घरातून कुठेही हललेली नाहीत.

गावांच्या यादीत काही गावांसमोर लोकसंख्या शून्य दिसते. ती चूक समजून खोडू नका. महसुलात ज्यांना बेचिराग गावं म्हणतात ती ही: शिवार आहे, गट नंबर आहेत, वस्ती नाही. काही शेकडो वर्षांपूर्वी उठलेली, काही धरणात गेलेली. पैठणच्या नाथसागराच्या काठची यादी वाचताना किंवा 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर दुसऱ्या जागी वसवलेल्या गावांची 1991 आणि 2001 ची नोंद जुळवताना हे ध्यानात ठेवा. नाव तेच राहतं, जागा बदलते.

वाढ काढा, मग ती उलगडा

वाढीचं गणित शाळेतलंच आहे: नव्या आकड्यातून जुना वजा करा, जुन्याने भागा, शंभराने गुणा. 2001 आणि 2011 चे अंतिम आकडे घेतले तर आठ जिल्हे असे दिसतात:

औरंगाबाद: 28,97,013 वरून 37,01,282, वाढ 27.76 टक्के
जालना: 16,12,980 वरून 19,59,046, वाढ 21.46
परभणी: 15,27,715 वरून 18,36,086, वाढ 20.19
बीड: 21,61,250 वरून 25,85,049, वाढ 19.61
हिंगोली: 9,87,160 वरून 11,77,345, वाढ 19.27
लातूर: 20,80,285 वरून 24,54,196, वाढ 17.97
नांदेड: 28,76,259 वरून 33,61,292, वाढ 16.86
उस्मानाबाद: 14,86,586 वरून 16,57,576, वाढ 11.50

सगळा मराठवाडा 1,56,29,248 वरून 1,87,31,872 वर गेला, म्हणजे 19.85 टक्के. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र 15.99 टक्क्यांनी वाढला.

इथे जरा थांबा. "मराठवाडा रिकामा होतोय, सगळी पोरं पुण्याला गेली" हे आपण रोज ऐकतो, बोलतोही. आणि आकडा सांगतो की मराठवाडा राज्यापेक्षा वेगाने वाढला. राज्याच्या लोकसंख्येतला त्याचा वाटा 16.1 वरून 16.7 टक्क्यांवर गेला. त्या दशकात महाराष्ट्रात मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मराठवाड्यातला एकही जिल्हा घटला नाही.

मनात पहिली शंका येईल ती अशी की हे सगळं औरंगाबाद शहराने ओढलं असेल. शंका बरोबर आहे, पण तपासून बघा. एकूण वाढीतला पाव हिस्सा त्या एका जिल्ह्याचा आहे. तो जिल्हा वगळून उरलेल्या सातांची बेरीज केली तरी वाढ 18.05 टक्के येते. राज्यापेक्षा जास्तच.

मग पोरं पुण्याला गेली हे खोटं? नाही. लोकसंख्या दोन नळांनी भरते आणि दोन नळांनी गळते: जन्म आणि आलेली माणसं, मृत्यू आणि गेलेली माणसं. टक्केवारी फक्त टाकीतली पातळी सांगते. कोणता नळ किती चालू आहे ते वेगळं शोधावं लागतं. त्यासाठी नवख्यालाही जमेल असा एक कच्चा हिशेब आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार (जन्म-मृत्यूचे दर काढणारी सरकारची नमुना पाहणी) महाराष्ट्राचा जन्मदर 2001 च्या सुमारास हजारी 20-21 होता, मृत्युदर साडेसात. 2011 ला ते 16.7 आणि 6.3 झाले. वजाबाकीची सरासरी धरली तर वर्षाला हजारी साधारण 12, दहा वर्षांत साडेबारा टक्के. म्हणजे कुणी आलं नसतं, कुणी गेलं नसतं, तर साधारण एवढी वाढ व्हायला हवी होती. उस्मानाबादचे साडेअकरा टक्के त्याच्याही खाली आहेत, म्हणजे आलेल्यांपेक्षा गेलेले जास्त. औरंगाबादचे पावणेअठ्ठावीस टक्के कितीतरी वर, म्हणजे तिथे माणसं येत राहिली.

हा हिशेब कच्चा का म्हणतो? कारण नमुना नोंदणीचे दर राज्याचे आहेत, जिल्ह्याचे नाहीत. बीड-जालन्याच्या खेड्यांतला जन्मदर राज्याच्या सरासरीएवढाच असेल असं धरून चालणं चुकीचं आहे; मुंबई-पुण्याचा कमी दर त्या सरासरीत मिसळलेला आहे. मधल्या जिल्ह्यांवर, म्हणजे 17-18 टक्केवाल्यांवर, या हिशेबाने निकाल देऊ नका. टोकाच्या दोघांपुरता तो वापरा.

दोन वेगळ्या लांबीच्या काळांची तुलना करायची असेल तर वार्षिक दर काढा: नवा भागिले जुना, मधे जितकी वर्षं तितकं त्याचं मूळ (दहा वर्षांना दहावं), वजा एक. औरंगाबादचा वर्षाला सुमारे 2.5 टक्के येतो, उस्मानाबादचा 1.1. दहा वर्षांच्या वाढीला नुसतं दहाने भागून 2.8 लिहिणारे पुष्कळ आहेत. ते चूक आहे, कारण दरवर्षीची वाढ आदल्या वर्षीच्या वाढलेल्या आकड्यावर होते.

बीडचा 807

2011 मध्ये बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे 807 मुली होत्या. राज्यातला हा सगळ्यात कमी आकडा. 2001 मध्ये तो 894 होता. आपल्या भागाबद्दलचा हा सगळ्यात वेदनादायक आकडा आहे, आणि म्हणूनच तो नीट वाचता आला पाहिजे.

एक युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे: फेब्रुवारीत ऊसतोड कामगार बाहेर असतात, मुली आईबरोबर उसाच्या फडावर जातात, मुलगे शाळेसाठी आजी-आजोबांकडे राहतात, म्हणून गावात मुली कमी मोजल्या जातात. ऐकायला पटतं. याला आकड्यांनीच उत्तर द्यायचं.

पहिलं, 2001 ची मोजणीही 9 ते 28 फेब्रुवारीतच झाली होती. तेव्हाही हंगाम चालू होता, तेव्हाही टोळ्या बाहेर होत्या, आणि आकडा 894 होता. जी गोष्ट दोन्ही वेळी सारखी होती ती दोन वेळांमधल्या 87 अंकांच्या घसरणीचं कारण होऊ शकत नाही. घसरण त्यामुळे झाली म्हणायचं तर आधी दहा वर्षांत मुलींना सोबत नेण्याची रीत बदलली हे दाखवावं लागेल. दुसरं, राज्याची घसरण त्याच काळात 913 वरून 894, म्हणजे 19 अंकांची. बीडची तिच्या साडेचार पट. तिसरं, जिथे हा हंगामाचा प्रश्न येतच नाही असा वेगळा स्रोत घ्या: जन्म नोंदणी. 1969 च्या कायद्याने जन्माची नोंद बंधनकारक आहे आणि ती वर्षभर चालते. जिल्ह्याच्या नोंदींतून जन्मतःच मुली किती, मुलगे किती हे महिनावार काढता येतं. फक्त लक्षात घ्या की बाळंतपण ज्या दवाखान्यात झालं तिथे नोंद होते, आईच्या गावात नाही. म्हणून हे काम गावपातळीवर करू नका, जिल्ह्याला करा.

आणि गावपातळीबद्दल एक कळकळीची विनंती. समजा, एका गावात 0 ते 6 वयाची 60 मुलं आहेत, 33 मुलगे आणि 27 मुली. प्रमाण आलं 818. त्यातलं एक मूल मुलगा न होता मुलगी झालं असतं तर 32 आणि 28, प्रमाण 875. एका बाळाने 57 अंक हलतात. असा आकडा गावाच्या नावासकट छापणं म्हणजे त्या गावावर नुसत्या योगायोगाचं बालंट आणणं. वीस-पंचवीस गावं एकत्र करा, महसूल मंडळ घ्या, तालुका घ्या. मुलींच्या बाजूने बोलायचं असेल तर पक्क्या आकड्यावर उभं राहूनच बोललं पाहिजे, कारण कच्चा आकडा एकदा खोडला गेला की पुढचा खरा आकडाही कुणी ऐकत नाही.

फडावरची माणसं कुठे मोजली जातात

2011 चा नियम असा होता: 9 ते 28 फेब्रुवारी या काळात माणूस आपल्या नेहमीच्या घरी कधीही राहिला असेल तर त्याची नोंद घरी. हा पूर्ण काळ तो बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. मोजणीचा क्षण धरला 1 मार्चच्या सुरुवातीची मध्यरात्र.

आता गळीत हंगाम बघा. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादम उचल देऊन टोळी भरतो, कोयते सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याकडे आणि कर्नाटकात जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. (बाहेरच्या वाचकांसाठी: एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ पैसे, पट्टा पडला म्हणजे गाळप संपलं.) म्हणजे नियमाप्रमाणे बीडच्या तांड्यावरचं जोडपं कोल्हापूर किंवा बेळगाव जिल्ह्याच्या लोकसंख्येत धरलं जातं. तिथल्या कोप्या, म्हणजे झोपड्या, शेताच्या कडेला, ऊस संपला की पुढच्या गावाला. तिथे प्रगणक पोहोचला तर नोंद. इकडे गावी म्हातारी "आमचीच माणसं हायेत" म्हणून सगळ्यांची नावं सांगते, तर कदाचित इकडेही नोंद. दोन्हीकडे, एकीकडे किंवा कुठेच नाही, तिन्ही शक्यता जमिनीवर खऱ्या आहेत.

याचा तोटा काय होतो ते पाण्यावरून कळतं. ग्रामीण नळयोजनेला माणशी रोज 55 लिटर धरतात. समजा, फेब्रुवारीत गावात 2,000 माणसं आणि मे महिन्यात 2,600. योजना 2,000 वर बांधली तर ऐन मे महिन्यात रोज 33,000 लिटर कमी पडतं. एका योजनेच्या अंदाजपत्रकात मी हेच पाहिलं. तक्रार केली तर उत्तर मिळालं की आकडा जनगणनेचा आहे. आकडा जनगणनेचाच होता. पण तो फेब्रुवारीचा होता आणि टंचाई मे महिन्याची.

म्हणून बीड, जालना, परभणी, धाराशिव, लातूर, अहमदपूर-कंधार पट्टा, असा कुठलाही ऊसतोडीचा भाग हाताळताना गोषवाऱ्याच्या शेजारी एक रकाना वाढवा: हंगामात बाहेर जाणाऱ्यांचा अंदाज. तो मिळतो कुठे? आशाताईंच्या कुटुंब सर्वेक्षणाच्या नोंदवहीत आणि अंगणवाडीच्या वहीत गावातली सगळी कुटुंबं असतात, बाहेर गेलेलीसुद्धा. हंगामी वसतिगृहांत मागे राहिलेल्या मुलांच्या याद्या शाळेत असतात. मुकादमांना गावातून किती कोयते गेले ते बोटांवर माहीत असतं. तिन्ही ठिकाणचे आकडे वेगळे येतील. तिन्ही लिहून ठेवा, कुठून आले तेही लिहा.

'डी' मालिकेतले स्थलांतराचे तक्ते इथे थोडे उपयोगी पडतात. त्यात आधीचं राहण्याचं ठिकाण, येऊन किती काळ झाला आणि का आले हे असतं. "एक वर्षापेक्षा कमी" हा गट हंगामी माणसाच्या सगळ्यात जवळचा. पण राज्याअंतर्गत स्थलांतरात "राज्यातील इतर जिल्हे" एवढंच कळतं, बीडचे किती हे वेगळं मिळत नाही. आणि स्त्रियांचं सगळ्यात मोठं स्थलांतर विवाहाचं असतं. एकूण स्थलांतराचा आकडा घेऊन रोजगारावर लेख लिहाल तर त्यातल्या बऱ्याचशा नोंदी लेकी-सुनांच्या निघायच्या.

बाकीच्या रकान्यांबद्दल थोडक्यात

साक्षरतेचा दर 7 वर्षं आणि त्यावरच्या लोकांत मोजतात. साक्षरांना एकूण लोकसंख्येने भागू नका. आधी 0 ते 6 वजा करा.

वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलेला तो मुख्य कामगार, कमी केलेला तो सीमांत. कोरडवाहू भागात एका वाईट पावसाळ्याने माणसं एका रकान्यातून दुसऱ्यात जातात. मोजणीच्या आदल्या वर्षी पाऊस कसा होता ते बघितल्याशिवाय या बदलावर लिहू नका.

वय विचारल्यावर "असंल चाळीसेक" असं उत्तर येतं, म्हणून एकेका वर्षाच्या तक्त्यात 30, 35, 40, 45 ला उंच मनोरे दिसतात. पाच-पाच वर्षांचे गट वापरा.

2011 मध्ये जनगणनेने 'नगर' ठरवताना तीन अटी लावल्या: किमान 5,000 लोकसंख्या, पुरुष मुख्य कामगारांपैकी 75 टक्के शेतीबाहेर, आणि चौरस किलोमीटरला 400 माणसं. ग्रामपंचायत असलेलं गावही यात बसतं. त्यामुळे शहरीकरण वाढलं म्हणजे लोक शहरात गेले असंच नव्हे, कधी गावच नगर ठरलेलं असतं.

2011 नंतरचं काय

2021 ची जनगणना झाली नाही. त्यामुळे 2011 नंतरचं जे काही लिहिलं जातं ते अंदाज असतं किंवा नमुना पाहणी. केंद्राच्या तांत्रिक गटाने 2011 ते 2036 चे लोकसंख्या अंदाज काढले, पण ते राज्यापर्यंतच आहेत. "2024 मध्ये जालन्याची लोकसंख्या अमुक" असं इंटरनेटवर दिसलं तर ते कुणीतरी जुना दर पुढे ओढून काढलेलं आहे असं समजा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे जिल्हावार आकडे आहेत, उदाहरणार्थ 2019-21 चे. ते दरांसाठी आणि प्रमाणांसाठी चांगले, माणसं मोजण्यासाठी नाहीत. अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं, ते जिल्हा सांख्यिकी कार्यालयात मिळतं. शाळांची पटसंख्या दरवर्षी मिळते: पहिलीतली मुलं म्हणजे सहा वर्षांपूर्वीचे जन्म, वजा गेलेले, अधिक आलेले. मतदार यादीवरून लोकसंख्येचा अंदाज काढू नका. पुण्यात दहा वर्षं राहणाऱ्याचं नाव गावाच्याच यादीत असतं.

पुढच्या जनगणनेची अधिसूचना 16 जून 2025 रोजी निघाली. संदर्भ दिनांक 1 मार्च 2027, म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा हंगामात. जातीची नोंदही त्यात होणार आहे, तेव्हा बाहेर असलेल्या टोळ्या कुठे मोजल्या गेल्या या प्रश्नाचं वजन आणखी वाढतं.

तुम्ही ऊसतोडीच्या भागात राहत असाल तर त्यासाठी एक वही आजच घाला. गावातल्या घरांची यादी करा. 2027 च्या फेब्रुवारीत त्या यादीसमोर लिहा: कुलूप आहे की नाही, घरात कोण आहे, बाकीचे कुठल्या कारखान्याला आहेत, तिथे त्यांची मोजणी झाली का. फडावरच्या माणसाला फोन करून हे विचारता येतं. पाडवा झाल्यावर तीच यादी घेऊन पुन्हा फिरा आणि शेजारच्या रकान्यात आलेली माणसं भरा. गावाचा अधिकृत आकडा जाहीर होईल तेव्हा तो तिसऱ्या रकान्यात लिहा, आणि वहीच्या प्रत्येक पानावर तारीख घाला.